मंद आचेवरचे कोंबडीचे सूप

गोव्यात थंडी पडते असे सांगितले की घाटावरचे पाहुणे हसतात, आणि पणजीपुरते त्यांचे हसणे खरेही आहे, कारण तिथे जानेवारीतही किमान तापमान २० अंशांच्या आसपासच रेंगाळते. सत्तरीत मात्र, सह्याद्रीच्या पायथ्याशी आणि म्हादईच्या खोऱ्यात वसलेल्या आमच्या गावांत, पौषातल्या पहाटे कौलांवरून दव ठिबकत असते, अंगणात शेकोट्या पेटतात आणि वडीलधारी मंडळी कानांभोवती मफलर गुंडाळल्याशिवाय ओसरीवर येत नाहीत. याच दिवसांत आईचा खोकला डोके वर काढतो. तिला जेवण नकोसे होते, पेजेचाही कंटाळा येतो, आणि दुकानातून आणलेले पाकिटातले सूप, ज्यात कॉर्नफ्लोअरचा बुळबुळीतपणा आणि मिठाचा मारा यांखेरीज फारसे काही हाती लागत नाही, ते तिने दोन घोट घेऊन बाजूला सारले. म्हणून या हिवाळ्यात कोंबडीचे सूप मुळापासून घरीच करायचे असे मी ठरवले आणि मार्गशीर्षातले गुरुवार आटोपल्यावर कामाला लागलो.

आमच्या घरात कोंबडी म्हणजे शागुती. धने, मिरी, लवंग, खसखस, सुक्या मिरच्या आणि ओले खोबरे खरपूस भाजून, पाट्यावर नाही तरी निदान मिक्सरवर गंधासारखे बारीक वाटून केलेल्या त्या रश्शात सगळे कसब भाजण्याचे आणि वाटण्याचे असते. कोंबडी मध्यम प्रतीची असली तरी वाटण तिला सांभाळून घेते. सूपाला असा आधार नसतो. देशावरच्या वाचकांना अळणी पाणी ठाऊक असेल, मटण शिजवून मसाल्याआधीच काढून घेतलेले, जेवणाच्या सुरुवातीला वाटीतून देतात ते. सूपाची जात तीच. त्यात जे काही उतरायचे ते हाडांतून, कातडीतून आणि सांध्यांतून उतरायला हवे, आणि ते उतरायला वेळ लागतो. मसाला घालण्याची सवय असलेल्या हाताला त्यात सगळ्यांत अवघड जाते ते गप्प बसणे.

पहिला प्रश्न कोंबडीचा. वाळपईच्या बाजारात चिकनवाल्याने सवयीने विचारले, "गांवठी जाय काय ब्रॉयलर?" आणि सूप चांगले होणार की नाही याचा निम्मा निकाल त्या उत्तरात लागतो. ब्रॉयलर कोंबडी सहा आठवड्यांच्या आसपास विक्रीला येते. तिचे मांस कोवळे असते, अर्ध्या तासात शिजते, आणि नेमके म्हणूनच ती सूपाला पुरी पडत नाही, कारण तिच्या स्नायूंनी फारसे कष्ट केलेले नसतात आणि तासाभरानंतर तिच्या मांसाचा चोथा होऊ लागतो. परसात उकिरडा उकरत, कुंपणावर उडत, दोन-तीन वर्षे अंडी देऊन थकलेल्या गावठी कोंबडीची गोष्ट निराळी. तिच्या सांध्यांभोवतीच्या आणि स्नायूंमधल्या चिवट तंतूंत कोलॅजन नावाचे प्रथिन असते, वयाबरोबर ते अधिक घट्ट विणले जाते, आणि पाण्यात ७० अंशांच्या वर दीर्घकाळ राहिले की उलगडून त्याचे जिलेटिन होते. सूप ओठांना किंचित चिकटते, घशातून मऊपणे उतरते, त्यामागे हे जिलेटिन असते. कॉर्नफ्लोअर त्याची नक्कल करायला पाहतो, पण दाटपणा आणि भरीवपणा यांतला फरक जिभेला लगेच कळतो.

देवकार्याच्या निमित्ताने आमच्याकडे गावठी कोंबड्याला मागणी फार, त्यामुळे त्याचा भावही चढा असतो. म्हातारी कोंबडी त्या मानाने दुर्लक्षित राहते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जिवंत गावठी कोंबड्या विकायला येतात, पण मला तिथवर जावे लागले नाही. वाड्यावरच्याच एका बाईंकडे अंडी देणे थांबवलेली कोंबडी होती. ती चिकनवाल्याकडून साफ करून घेतली, तेव्हा साधारण सव्वा किलो मांस-हाडे हाती आली. चिकनवाले कातडी एका झटक्यात ओढून टाकतात, म्हणून ती ठेवायला आधीच बजावले. तुकडेही मोठे करायला सांगितले, कारण शागुतीसाठी करतात तसे बारीक तुकडे केले की हाडांचे कपचे निघतात आणि गाळण्यातून सुटलेला एखादा कपचा म्हाताऱ्या माणसाच्या घशाशी नको. जोडीला पाव किलो पंजे आणि दोन-चार माना मागून घेतल्या. पंज्यांत मांस जवळजवळ नसते, पण कातडी, कूर्चा आणि शिरा यांनीच ते बनलेले असल्यामुळे जिलेटिन सर्वांत जास्त तिथूनच मिळते, आणि पैसे नाममात्र लागतात.

पंजे साफ करणे हे या सगळ्या खटाटोपातले सर्वांत किळसवाणे आणि तरीही सर्वांत समाधान देणारे काम आहे. उकळते पाणी ओतून ते अर्धा मिनिट तसेच ठेवले आणि लगेच गार पाण्यात टाकले. नखाने टाचेपाशी उचलले की वरची पिवळी खरखरीत साल बोटांपर्यंत मोज्यासारखी उतरते आणि आतून पांढरा गुळगुळीत पंजा निघतो. फार वेळ गरम पाण्यात राहिला तर मात्र ही साल आतल्या कातडीला चिकटून बसते. नखे शेवटच्या पेराजवळ कापून टाकली.

मांस धुण्याबद्दल दोन शब्द लिहायला हवेत. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने २०१४ साली कच्ची कोंबडी धुऊच नका अशी मोहीम काढली होती, कारण नळाखाली धुताना उडणाऱ्या थेंबांबरोबर कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू ओट्यावर, भांड्यांवर आणि कपड्यांवर पसरतो. कारण पटण्यासारखे आहे. तरीही आपल्या बाजारातून आलेल्या कोंबडीला रक्ताच्या गुठळ्या आणि पिसांची मुळे चिकटलेली असतात, ती तशीच टोपात टाकायला माझे मन धजत नाही. म्हणून मी नळ वापरला नाही; पातेल्यातल्या पाण्यात मांस अलगद बुडवून, हळद-मीठ चोळून पुन्हा एकदा बुडवले, ते पाणी जपून ओतले आणि मोरी साबणाने घासून घेतली. पाठीच्या कण्याच्या खाचांत फुप्फुसांचे आणि मूत्रपिंडांचे लालसर तुकडे अडकून राहतात, ते अंगठ्याने खरवडून काढले, कारण त्यांनी सूप गढूळ होते. कलेजी आणि पेटा बाजूला ठेवला. कलेजीने सूपाला कडवट झाक येते.

जाड बुडाच्या मोठ्या टोपात हाडे, माना आणि पंजे खाली, मांसाचे तुकडे वर, असे रचून त्यावर तीन लिटर थंड पाणी ओतले. पाणी थंडच हवे. मांसातली विरघळणारी प्रथिने थंड पाण्यात आधी बाहेर येतात, पाणी तापेल तशी हळूहळू गोठतात आणि त्यांचे मोठे पुंजके होऊन फेसाच्या रूपाने वर येतात. उकळत्या पाण्यात मांस टाकले तर तीच प्रथिने बारीक कणांच्या रूपात गोठून पाण्यातच तरंगत राहतात, आणि ते मग कितीही गाळले तरी नितळ होत नाही.

आम्ही रोजचा स्वयंपाक गॅसवर करतो, पण मागच्या पडवीत आंघोळीच्या पाण्यासाठी चूल आहे आणि थंडीत तिथे बसायला कुणाची ना नसते. टोप तिच्यावर चढवला. वीस-पंचवीस मिनिटांत पाण्याच्या कडेला राखाडी रंगाचा फेस धरू लागला. आधी तुरळक ठिपके, मग त्यांची साय, आणि पाणी उकळीच्या उंबरठ्यावर आले तसा सगळ्या पृष्ठभागावर तपकिरी कडांचा थर. नारळाच्या करवंटीची डवली आमच्याकडे अजून वापरात आहे, तिच्या कडेने तो थर अलगद उचलून शेजारच्या वाडग्यात टाकत राहिलो. डवली पाण्यात खोल बुडवायची नाही, नुसती पृष्ठभागावरून फिरवायची. खोल गेली की फेस पुन्हा पाण्यात मिसळतो. काही वेळाने राखाडी फेस संपला, पांढरा, हलका, साबणासारखा फेस येऊ लागला आणि तोही विरळ होत गेला. या अवधीत ढवळायचे अजिबात नाही. मला वाटते, फेस काढण्याचे हे काम ज्याला कंटाळवाणे वाटत नाही, त्याचे सूप सहसा बिघडत नाही.

फेस ओसरताच चुलीतले मोठे लाकूड मागे ओढले आणि निखाऱ्यांवर टोप राहू दिला. आता हवी होती ती अशी आच, की पाण्यात एखादा बुडबुडा वर यावा, फुटावा आणि मग दुसरा यावा. खळखळ उकळी आली की वर तरंगणारी चरबी फुटून तिचे सूक्ष्म थेंब पाण्यात घुसळले जातात, सूप दुधाळ होते आणि जिभेवर तेलकट थर बसतो. गॅसवर करताना मी सर्वांत लहान बर्नर वापरतो आणि टोप किंचित एका बाजूला सरकवून ठेवतो, म्हणजे बुडबुडे एकाच कडेला येतात आणि उरलासुरला फेस समोरच्या कडेला साचतो, तो काढणे सोपे जाते.

तासाभराने छातीचे तुकडे सुरीने टोचून पाहिले आणि शिजल्याची खात्री झाल्यावर बाहेर काढून ठेवले. छातीच्या मांसात कोलॅजन फार कमी, त्यामुळे ते अधिक वेळ ठेवून काही साधत नाही, उलट ते कोरडे पडते. मांस सोडवून घेतले आणि त्याची हाडे परत टोपात टाकली. मांड्या, तंगड्या, माना आणि पंजे तसेच राहिले.

सुगंधी जिन्नस मी शेवटच्या तासात घातले, कारण आधी घातले तर त्यांचा वास वाफेबरोबर उडून जातो आणि मागे नुसता कडवटपणा उरतो. एक कांदा सालीसकट आडवा चिरून, कापलेली बाजू तव्यावर काळपट होईपर्यंत भाजून घेतला. सूपाला जो सोनेरी रंग येतो त्यातला बराचसा या भाजलेल्या कांद्याचा आणि त्याच्या सालीचा असतो. आल्याचा अंगठ्याएवढा तुकडा ठेचून, लसणीच्या चार पाकळ्या, कोथिंबिरीचे देठ आणि मुळे स्वच्छ धुऊन, चमचाभर जिरे, आणि परसातल्या दालचिनीच्या झाडाचे एक पान. मिरीची मात्र चैन केली. कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पोफळींवर चढलेल्या वेलींना या दिवसांत मिरीचे हिरवे घोस लटकत असतात. असा एक घोस तोडून आणला आणि दाणे खलबत्त्यात नुसते चेपून टाकले. ओल्या मिरीचा तिखटपणा सुक्या मिरीपेक्षा सौम्य असतो आणि तिला एक ताजा, पानासारखा वास असतो, जो सूपातच नीट कळतो. शागुतीत तो कधीच कळला नसता.

आई मधूनमधून पडवीत येऊन टोपात डोकावत होती. "अरे, खोबरे नाही, वाटण नाही, आणि याला कोंबडी म्हणायचे?" असे तिने विचारले, आणि निदान हळद तरी घाल असा आग्रह धरला. चिमूटभर घातली, तिने काही बिघडले नाही, रंग थोडा उजळला. कोकम आणि तिरफळाच्या सूचना मात्र मी नम्रपणे नाकारल्या. तिरफळ बांगड्याच्या हुमणाला शोभते, पण इतक्या निवळ पाण्यात त्याचाच अंमल चालला असता.

तीन तास होऊन गेल्यावर पंज्यांच्या बोटांचे सांधे आपोआप सुटू लागले, मांडीचे हाड हलक्या हाताने ओढले तरी मांसातून निसटू लागले, आणि टोपातले पाणी दोन लिटरांच्या आसपास उतरले. चमचाभर पाणी बशीत घेऊन गार केले आणि दोन बोटांत धरून पाहिले, तर बोटे किंचित चिकटत होती. तेव्हा टोप उतरवला, थोडा वेळ स्थिर ठेवला आणि आधी पिठाच्या बारीक चाळणीतून, मग ओल्या मलमलच्या फडक्यातून गाळले. फडक्यात उरलेले हाताने पिळायचा मोह होतो, तो आवरला, कारण पिळले की बारीक गाळ खाली उतरतो.

ज्यांना इतका वेळ नसतो त्यांच्यासाठी प्रेशर कुकर आहेच, आणि त्याला नाके मुरडण्याचे कारण नाही. कुकरात तापमान १२० अंशांच्या जवळ जाते, त्यामुळे गावठी कोंबडीचेही काम पाऊण तासात होते. फक्त फेस काढून मगच झाकण लावावे, पहिल्या शिटीनंतर आच अगदी बारीक करावी आणि पुढे शिट्या होऊ देऊ नयेत, कारण प्रत्येक शिटीबरोबर आतला दाब एकदम उतरतो आणि पाणी खवळून उकळते. कुकर आपोआप निवल्यावरच उघडला तर सूप बऱ्यापैकी नितळ निघते. ब्रॉयलरशिवाय पर्याय नसेल तर पंजे आणि माना दुप्पट घ्याव्यात आणि मांसाचे तुकडे अर्ध्या तासात बाहेर काढून हाडे तेवढी पुढे शिजू द्यावीत. हाही प्रकार मी करून पाहिला आहे. चव थोडी उणी पडते, पण पाकिटाशी त्याची तुलना होत नाही.

गाळलेले सूप नुसते प्यायलाही चांगले, पण आईच्या पोटात काही अन्न जावे म्हणून त्यात उकडे तांदूळ घालायचे ठरवले. आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे आजाऱ्यासाठी कोंबडी आणि तांदूळ एकत्र शिजवून कांजी करतात, आणि आमच्या घरची पेज त्या कांजीपासून फारशी लांब नाही. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहिला आणि १५६३ साली त्याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ इथेच छापला गेला. आजाऱ्याला मिरी आणि जिरे घालून तांदळाचे पिळून काढलेले पाणी पाजतात, असे त्यात त्याने नोंदवले आहे. माझ्या टोपातही तांदूळ, मिरी आणि जिरेच होते, तेव्हा फार नवे काही मी करत होतो अशातला भाग नाही. दोन मुठी उकडे तांदूळ अर्धा तास भिजवले आणि त्या वेळी लागणार होते तेवढ्याच सूपात, म्हणजे लिटरभरात, वेगळे शिजवले. सगळ्या सूपात तांदूळ घातले की उरलेले सूप ते रात्रभरात पिऊन टाकतात आणि सकाळी नुसता भात राहतो. बटाट्याऐवजी काटेकणगीच्या फोडी घातल्या. हिवाळ्यात खणून काढलेले हे कंद शिजून मऊ होतात, तरी विरघळत नाहीत. सोबत गाजर आणि मुळ्याच्या पातळ चकत्या. तांबडी भाजी अंगणातच होती, पण तिने सगळा रंग लाल झाला असता. छातीचे मांस धाग्याधाग्याने सोडवून शेवटच्या पाच मिनिटांत घातले.

मीठ अगदी शेवटी घातले. आधी घातले असते तर पाणी आटेल तसा खारटपणा वाढत गेला असता, आणि आईला रक्तदाबाचा त्रास असल्यामुळे चिमटीचा हिशेब ठेवावा लागतो. मीठ कमी पडल्याची जाणीव लिंबाने बरीचशी झाकली जाते. वाटीत वाढल्यावर चार थेंब पिळले आणि कोथिंबीर घातली.

आईने पहिली वाटी काही न बोलता संपवली आणि दुसरी मागितली, हे तिच्याकडचे सर्वांत वरच्या श्रेणीचे प्रशस्तिपत्र समजायचे. तिचा खोकला सूपाने गेला असे मी म्हणणार नाही, तो त्याच्या गतीने गेला. अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठात यावर प्रयोग झाला होता आणि २००० साली तो प्रसिद्धही झाला. कोंबडीच्या सूपामुळे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची हालचाल मंदावते, त्यामुळे सर्दीतली सूज थोडी कमी होत असावी, असा त्याचा आशय. पण ते निरीक्षण प्रयोगशाळेतल्या पेशींवरचे होते, सर्दीने बेजार माणसांवरचे नव्हे. गरम वाफेने चोंदलेले नाक मोकळे होते, पोटात पाणी, मीठ आणि प्रथिने जातात, आणि न जेवणारे माणूस दोन वाट्या संपवते. मला एवढे पुरेसे वाटते.

उरलेले सूप चुलीच्या उबेवर रात्रभर ठेवण्याची पूर्वी पद्धत होती, ती मी पाळली नाही, कारण कोमट सूप हे जिवाणूंच्या वाढीला फार सोयीचे असते. टोप गार पाण्याच्या घमेल्यात ठेवून दोन तासांच्या आत निववला आणि फ्रीजमध्ये ठेवला. सकाळी झाकण काढले तेव्हा वर पिवळ्या चरबीची चकती जमली होती आणि तिच्याखाली सूप पूर्ण थिजले होते. टोप तिरका केला तरी ते हलले नाही, नुसते थरथरले. चरबी चमच्याने सबंध निघाली, ती वेगळ्या वाटीत ठेवून पुढे भाताच्या फोडणीला वापरली. थिजलेल्या सूपातले थोडे तीन दिवसांत संपवायला ठेवले आणि बाकीचे स्टीलच्या डब्यांत, वरचा बोटभर भाग रिकामा सोडून, फ्रीझरमध्ये टाकले.

राहिला प्रश्न मांड्या-तंगड्यांच्या मांसाचा. तीन तास शिजून त्याची बहुतेक चव पाण्यात गेलेली असते, तरी टाकून द्यायला जीव होत नाही. कांदा लालसर परतून, हिरव्या मिरच्या, आले-लसूण, कलेजी आणि पेट्याचे तुकडे घालून त्याचे सुके केले, आणि पोदेराकडच्या, म्हणजे पाववाल्याकडच्या, गरम पोयांबरोबर ते घरात सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ले. त्यात ओले खोबरे मात्र मी मनसोक्त घातले. सूप होईपर्यंत आवरून धरलेला हात कुठेतरी मोकळा करायला हवाच होता.